कावसजीचे नाक आणि सिलिकॉनची पिशवी

१/ ऑक्टोबर १७९४. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याकडील एका शस्त्रक्रियेचे वर्णन छापून आले. इंग्रज फौजेतील बैलगाडीवान कावसजी याचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले होते. विटा घडवणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाची त्वचा वळवून ते पुन्हा घडवले.

२/ मर्म एकच : शरीराला शरीराचेच द्यावे. १८९५ मध्ये जर्मन शल्यविशारद चेर्नी यांनी गाठ काढलेला स्तन भरला, तोही रुग्णेच्याच पाठीवरील चरबीच्या गाठीने.

३/ पुढे पॅराफिन टोचण्याची लाट आली आणि गाठी व जखमा मागे ठेवून ओसरली. १९६२ मध्ये ह्यूस्टन येथे गोंदण काढण्यासाठी आलेल्या एका स्त्रीला डॉक्टरांनी सिलिकॉनच्या पिशव्यांविषयी विचारले. स्तनवर्धनाचे आधुनिक युग तेथे सुरू झाले.

४/ परके द्रव्य शरीर विसरत नाही. त्याभोवती ते तंतुमय आवरण विणते. ते आवळले की स्तन कडक होतो, दुखतो. पिशवी फुटू शकते. ती आयुष्यभराची नसते, पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. विशेषतः खरबरीत पृष्ठभागाच्या पिशव्यांशी एका दुर्मीळ लिम्फोमाचा संबंध आढळला आहे.

५/ अमेरिकेने १९९२ मध्ये सिलिकॉनवर निर्बंध घातले, २००६ मध्ये ते शिथिल केले. शस्त्रक्रियेपूर्वी धोक्यांची लेखी यादी रुग्णेपुढे ठेवण्याचा नियम मात्र २०२१ मध्ये आला. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर ५९ वर्षांनी.

६/ ह्यूस्टन असो वा कोल्हापूर, त्या यादीतील प्रश्न विचारण्याचा हक्क कोणत्याही नियमाची वाट पाहत नाही.