तपासकर्त्याची नावे : देवणीच्या निमित्ताने एक टिपण

गुन्ह्याचा शोध घेणाऱ्यास भाषा जे नाव देते, त्यावरून त्याच्या अधिकाराचे स्वरूप उमगते. देवणीचा परिसर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. निजामी राजवटीत ठाण्याच्या पोलीस अधिकाऱ्यास ‘अमीन’ म्हणत. मुंबई इलाख्यात ‘फौजदार’ हे नाव रूढ होते. अरबी ‘अमीन’ म्हणजे विश्वासपात्र, तर ‘फौजदार’ म्हणजे फौज बाळगणारा. एका नावात विश्वास आहे, दुसऱ्यात दंडशक्ती. शोधाचा निर्देश मात्र दोहोंतही नाही.

तो ‘हेर’ या शब्दात आहे. परंतु हेर न दिसता पाहतो आणि बातमी देतो ती आपल्या धन्यास. ‘तपासनीस’ याहून निराळा. फडणीस, चिटणीस यांप्रमाणे त्यातील ‘नीस’ हा फारसी ‘नवीस’, अर्थात लिहिणारा, होय. जे लिहिले जाते ते दुसऱ्यास पडताळता येते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही तपासी अंमलदारावर दैनंदिनी लिहिण्याचे बंधन घातले आहे. आरोपीस खरा आधार आहे तो या लेखणीचा. अधिकाऱ्याच्या नावातील विश्वासाचा नव्हे.