गोवर्धन ते शूर्पारक : गोमार्गांच्या काही भाषिक खुणा

सह्याद्रीच्या घाटवाटांचा विचार बहुधा व्यापारी मार्ग म्हणूनच केला जातो. परंतु मालाच्या बैलासाठी ती वाट नव्याने पाडली गेली, की चाऱ्यासाठी हिंडणाऱ्या गुरांनी ती आधीच मळलेली होती, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावयास हवा. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सूक्ष्म पाषाणास्त्रांची स्थळे, मातृदेवतांची ठाणी व जुन्या वाटा यांची सांगड घालून दुसऱ्या पर्यायाचा पुरस्कार केला. नाशिक परिसरापुरता त्यास भाषेचा आधार कितपत मिळतो, ते येथे पाहावयाचे आहे.

पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात तो स्वतःस तीन लक्ष गाईंचा दाता म्हणवितो. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथे निवारे बांधल्याचे, तसेच तापी, दमणा इत्यादी नद्यांवर विनामूल्य नावांची सोय केल्याचे सांगतो. गाईंचा आकडा शब्दशः घेण्याचे कारण नाही. मात्र गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे सोपारे, यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे. तेव्हा दोन्ही ठिकाणच्या निवाऱ्यांच्या मागे घाट चढणारी वर्दळ गृहीत धरावीच लागते. गोवर्धन हे त्या काळी आहाराचे, म्हणजे प्रांताचे नाव होते. आज ते नाशिकच्या पश्चिमेस एका गावापुरते उरले आहे. ‘गाई वाढविणारे’ हा त्याचा अर्थ मोहक असला, तरी मथुरेकडील पर्वताचे नाव इकडे आले असणेही शक्य आहे. केवळ ग्रामनामावर सिद्धान्त उभारता येत नाही.

सामान्य शब्दांची साक्ष अधिक भरवशाची असते. ‘गव्यूति’ हा वैदिक शब्द मूळचा कुरणाचा. पुढे तो दोन क्रोशांच्या अंतराचा वाचक झाला. कुरणावरून अंतर मोजले गेले, अंतरावरून कुरण नव्हे, हा क्रम लक्षणीय आहे. ‘गोणी’ हा शब्द पाणिनीस धान्याच्या पिशवीच्या अर्थाने ठाऊक आहे, तर पतंजली ‘गौः’ या शब्दाच्या अपभ्रंशांत ‘गोणी’ हे रूप देतो. दोहोंचे मूळ एकच मानण्याची घाई करू नये. तथापि बैलाच्या पाठीवरील ओझ्यास मराठीत हाच शब्द रूढ राहिला. लमाणांच्या तांड्यांनी तो घाटोघाट नेला.

१ जानेवारी १८६५ रोजी कसारा–इगतपुरी लोहमार्ग सुरू झाला आणि थळघाटातील बैलांच्या मालवाहतुकीचे दिवस भरत आले. ‘नाशिक रोड’ हे नाव त्याच नव्या युगाचे. परंतु इगतपुरी व अकोले भागांत अतिवृष्टीस टिकणारी डांगी गुरे आजही पाळली जातात, घोटीस त्यांचा बाजार भरतो. मालवाहतूक थांबल्यावरही जी वाट गुरांच्या पायांखाली राहिली, ती व्यापारामुळे जन्मली असे मानणे कठीण आहे.

म्हणून अशा वाटांवरील पाणवठे, खिंडी व विसाव्याच्या जागा यांची नावे गुराख्यांच्या तोंडून, त्यांच्याच उच्चारात टिपून घेणे अगत्याचे आहे. शिलालेख दगडावर टिकतील. ही नावे मात्र ती उच्चारणाऱ्यांबरोबरच संपतील.