लिएबानाच्या दरीतील प्रकटीकरण

ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या अगदी शेवटी येणारे ‘प्रकटीकरण’ हे पुस्तक ज्याने एकवार तरी सलग वाचले आहे, त्याला त्यातील सात मस्तकांचा अजगर, समुद्रातून वर येणारे श्वापद, रक्तवर्ण झालेला चंद्र आणि एकामागून एक फुटणारे सात शिक्के यांचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. आणि ज्याने ते वाचलेले नाही, त्याला ते कितीही वर्णिले तरी त्या वाचनाने छातीवर येणाऱ्या दडपणाची कल्पना यावयाची नाही. रोमन अंमलाखाली गांजलेल्या आशिया प्रांतातील सात लहान मंडळ्यांना धीर यावा म्हणून पात्म बेटावरून योहानाने लिहिलेले हे पुस्तक पुढील पिढ्यांना मात्र धीरापेक्षा भीतीच अधिक देत आले. ग्रीक ख्रिस्तमंडळीने ते धर्मग्रंथांत सामावून घेतले खरे, पण आराधनेतील नेमलेल्या वाचनांत त्याला आजतागायत स्थान दिलेले नाही.

स्पेनात नेमके याच्या उलट घडले. इ. स. 633 मध्ये सेव्हिलच्या इसिदोराच्या अध्यक्षतेखाली तोलेदो येथे भरलेल्या चौथ्या धर्मसभेने असा ठराव केला की, प्रकटीकरण हे योहानाचेच मानले पाहिजे, आणि ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंतच्या पन्नास दिवसांत ते मंदिरातून वाचले गेले पाहिजे. जो धर्मगुरू यात कसूर करील तो बहिष्कृत समजला जाईल. ठरावाची भाषा एखाद्या फर्मानासारखी करडी आहे, पण मला त्यात महत्त्वाची वाटते ती नेमलेली ऋतुवेळ. उपवासाचे आणि पश्चात्तापाचे चाळीस दिवस मोकळे असताना, जगाच्या अंताचे हे भीषण पुस्तक त्या धर्मसभेने पुनरुत्थानाच्या आनंदोत्सवात वाचावयास लावले. ज्यांनी हा हुकूम काढला त्यांना या पुस्तकाचा शेवट कोठे होतो, नव्या यरुशलेमात आणि पुसल्या गेलेल्या अश्रूंत, याचे भान निश्चित होते.

पुढे अवघ्या ऐंशी वर्षांच्या आत, 711 साली, जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडून आलेल्या अरब-बर्बर फौजांनी गॉथ राजांची सत्ता मोडून काढली. तोलेदोसह बहुतेक सर्व मुलूख नव्या अंमलाखाली गेला, आणि उत्तरेकडील पर्वतराजीत तेवढे एक चिमुकले ख्रिस्ती राज्य तग धरून राहिले. पिकोस दे एउरोपा या चुनखडीच्या उत्तुंग कड्यांनी वेढलेली लिएबाना ही दरी त्या राज्याच्या कुशीत होती. तेथील सान मार्तिन दे तुरिएनो या मठात बेआतुस नावाचा एक साधू राहत असे, आणि त्याने 776 च्या सुमारास प्रकटीकरणावर बारा भागांचे एक भाष्य रचले, ज्यावर पुढील दहा वर्षांत त्याने पुनःपुन्हा हात फिरवला.

भाष्य म्हणून पाहिले तर त्यात बेआतुसाचे स्वतःचे असे फार थोडे आहे. जेरोम, ऑगस्टिन, ग्रेगरी, इसिदोर, अशा पूर्वसूरींची वचने त्याने एकामागून एक गोवली. आणि या सर्वांहून अधिक ऋण त्याने घेतले ते चौथ्या शतकातील तिकोनियस या आफ्रिकन पंडिताचे, ज्याला स्वतःच्या दोनातुसपंथी, म्हणजे मुख्य मंडळीपासून फुटून निघालेल्या, बांधवांनी दोषी ठरविले आणि जो तरीही त्या मुख्य मंडळीच्या पक्षात गेला नाही. तिकोनियसाची दृष्टी अशी की, या पुस्तकातील संख्या म्हणजे पंचांगातील तिथी नव्हेत. सहस्र वर्षांचे राज्य हे उद्या यावयाचे नसून ख्रिस्ताच्या प्रथम आगमनापासून चालू असलेला मंडळीचा काळ तेच ते राज्य. आणि श्वापद हा दूरच्या देशातून येणारा कोणी राक्षस नसून मंडळीच्या आतच, भक्तांच्या शेजारी बसलेला दांभिकांचा समुदाय आहे. ऑगस्टिनासारख्या प्रतिपक्षीयानेही ही दृष्टी पुष्कळ अंशी उचलली. तिच्यातील दिलासा प्रथमदर्शनी लक्षात येत नाही. भविष्यातील संकट जर आजच्याच संकटाचे नाव असेल, तर वाचकाला अज्ञात अशा कशाची वाट पाहत थरथरावे लागत नाही. आपण जे सोसतो आहोत ते आधीच लिहिले गेलेले आहे आणि त्याची मुदतही ठरलेली आहे, हे त्याला कळते. बेआतुसाच्या भाष्यात अरबांचा उल्लेख शोधू जाता हाती जवळजवळ काहीच लागत नाही, याचा पुष्कळांना अचंबा वाटतो; मला तो वाटत नाही. तिकोनियसाचे बोट धरून चालणाऱ्याचा शत्रू सरहद्दीपलीकडे नसतोच.

बेआतुसाचा शत्रू तर प्रत्यक्ष तोलेदोच्या प्रधान धर्मपीठावर बसलेला होता. मुसलमानी अंमलाखालील तोलेदोचा आर्चबिशप एलिपांदुस हा ख्रिस्त मनुष्यत्वाच्या दृष्टीने देवाचा दत्तक पुत्र होय असे शिकवी, आणि डोंगरातला एक साधू आपल्याला पाखंडी म्हणतो याचा त्याला विलक्षण संताप आला. लिएबानाच्या लोकांनी तोलेदोकरांना धडे द्यावेत हे कोणी कधी ऐकले आहे काय, अशा अर्थाचे त्याचे एक पत्र प्रसिद्ध आहे. याच पक्षाच्या बिशपांनी पुढे फ्रँकांच्या देशातील धर्मगुरूंना धाडलेल्या पत्रात एक मासलेवाईक हकीकत आहे. बेआतुसाने म्हणे ईस्टरच्या आदल्या रात्री जगाचा अंत होणार असे भाकीत केले, लोक भयाने रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरापर्यंत उपाशी राहिले, आणि अखेर ओर्दोनियुस नावाच्या गृहस्थाला भूक अनावर होऊन तो म्हणाला की, चला, खाऊन-पिऊन घेऊ, मरावयाचेच असेल तर निदान भरल्या पोटी तरी मरू. ही साक्ष वैऱ्याची आहे, म्हणून ती पुरती खरी मानता येत नाही. पण ती निखालस खोटी असेल असेही नाही, कारण जगाचे आयुष्य सहा सहस्र वर्षांचे धरून 786 साली त्यातील चौदाच उरली आहेत, हा हिशेब बेआतुसाने आपल्या भाष्यात मांडलेला आहे. ही मुदत वाढेल की घटेल हे एका देवालाच ठाऊक, असेही तो लगेच सांगतो. तिकोनियसाचा शिष्य आणि पंचांगवाला, असे दोन पुरुष एकाच झग्यात वावरत होते, आणि अडचणीच्या काळात बहुतेक भाष्यकारांचे असेच होते.

इ. स. 800 आले आणि गेले. त्या वर्षीच्या नाताळात जगाचा अंत होण्याऐवजी रोम येथे शार्लमेनला सम्राटपदाचा मुकुट चढला. हिशेब चुकला म्हणजे ग्रंथही अडगळीत जावयास हवा होता; पण या ग्रंथाच्या नकला खऱ्या अर्थाने सुरू झाल्या त्या त्यानंतर, आणि त्या तेराव्या शतकापर्यंत होत राहिल्या. आज पंचवीसहून अधिक सचित्र प्रती व त्यांचे अवशेष उपलब्ध आहेत. त्यांपैकी सर्वांत जुना मानला जाणारा अवशेष म्हणजे सिलोसच्या मठात जतन केलेले नवव्या शतकाच्या उत्तरार्धातील एकच पान, आणि त्यावरील चित्र आहे पाचव्या शिक्क्याचे: वेदीखाली असलेले वधलेल्यांचे आत्मे. हे आत्मे आणखी किती काळ म्हणून न्याय मागतात, त्यांना शुभ्र झगे दिले जातात, आणि थोडा वेळ अजून विसावा घ्या असे सांगितले जाते, एवढाच तो प्रसंग. त्यात तारीख नाही. जो दिलासा शतकानुशतके पुरला तो या ‘थोडा वेळ अजून’ मधला होता, चौदा वर्षांच्या हिशेबातला नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या प्रतींची रचनाही ध्यानात घेण्याजोगी आहे. मूळ पुस्तकाचे सुमारे अडुसष्ट खंड पाडलेले. प्रत्येक खंडात आधी शास्त्रवचन, मग चित्र, आणि त्यानंतर विवरण. म्हणजे वाचकाने अजगर आधी वाचावा, मग तो पिवळ्या, तांबड्या, निळ्या पट्ट्यांच्या पार्श्वभूमीवर डोळ्यांनी पाहावा, आणि मगच त्याचा अर्थ समजून घ्यावा. हे काम किती कष्टाचे होते याची साक्ष ताबारा येथील 970 च्या प्रतीत आहे. मागियुस हा थोर चित्रकार 968 साली निवर्तल्यावर त्याचे अपुरे राहिलेले काम शिष्य एमेतेरियुसाने तडीस नेले. आणि अखेरच्या पानावर त्याने मठाचा उंच मनोराच रेखाटला, ज्यात खाली एक माणूस दोर ओढून घंटा वाजवतो आहे, काही जण शिड्या चढत आहेत, बाजूच्या दालनात दोघे लेखनात गढले आहेत, आणि त्यांच्यापलीकडे एक जण मोठ्या कातरीने चर्मपत्र बेतीत बसला आहे. या दगडी मनोऱ्यात आपण तीन महिने वाकून बसलो आणि अंगाचा प्रत्येक अवयव बोरूच्या कामी लावला, अशी तक्रारवजा नोंदही त्याने केली आहे. त्याच्या गुरूने एका पूर्वीच्या प्रतीत, ज्ञानी जनांना अंतिम न्यायाचे भय वाटावे म्हणून मी ही चित्रे काढली, असे लिहून ठेवले होते. कोणी म्हणेल की मग दिलासा कोठे राहिला? पण न्यायाचे भय आणि न्यायाचा दिलासा ही एकाच निकालाची दोन टोके आहेत. तो कोणाला कसा लागेल हे वादी कोण आणि प्रतिवादी कोण यावर अवलंबून असते.

पुढे 975 साली पुऱ्या झालेल्या, आज जिरोनाच्या कॅथीड्रलमध्ये असलेल्या प्रतीवर एमेतेरियुसाच्या आधी एन अथवा एंदे या स्त्रीचे नाव चित्रकर्ती म्हणून येते. युरोपातील हस्तलिखितांत स्वतःच्या नावाने नोंदल्या गेलेल्या चित्रकर्तींत तिची गणना फार आधी होते. तिच्याविषयी एवढीच ओळ आहे. 1047 मध्ये फाकुंदुसाने लेओनचे फेर्नांदो राजा आणि सांचा राणी यांच्याकरिता सोने वापरून जी देखणी प्रत सिद्ध केली, तिच्यापर्यंत येता येता श्वापदेही दरबारी होतात. मला ती डोळ्यांना सुखावते, पण ताबाऱ्याच्या मनोऱ्याइतकी जवळची वाटत नाही. सिलोसच्या मठात 1091 साली लेखन संपून 1109 मध्ये चित्रे पुरी झालेली प्रत तर जोसेफ बोनापार्टच्या हातून 1840 साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे गेली.

तिकोनियसाचे मूळ भाष्य कालौघात नष्ट झाले. विद्वानांना ते पुन्हा जुळवावयाचे होते तेव्हा सर्वांत मोठा आधार बेआतुसाच्या या पानांचाच मिळाला. त्याच्या त्या दृष्टीने पाहता, ज्या वाचकाला प्रकटीकरण प्रथमच हाती घ्यावयाचे असेल, त्याने तेराव्या अध्यायातील श्वापद आणि त्याची संख्या यांपासून प्रारंभ करू नये. दुसऱ्या अध्यायातील स्मुर्णा येथील मंडळीला लिहिलेले चार ओळींचे पत्र आधी वाचावे, आणि मग सहाव्या अध्यायातील त्या वेदीपाशी यावे.