चुकलेल्या वाक्यांचा इतिहास

भिलाईजवळच्या उतईतला विद्यार्थी असो की कोकणातल्या एखाद्या खेड्यातला, सरकारी नोकरीच्या स्पर्धापरीक्षेला बसला म्हणजे एका प्रश्नाशी त्याची गाठ पडण्याचा संभव फार. एका इंग्रजी वाक्याचे तीन-चार तुकडे दिलेले असतात आणि चूक कोणत्या तुकड्यात आहे, एवढेच सांगावयाचे असते. प्रश्न लहान, पण त्याच्यामागे अडीचशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उभा आहे. आणि त्या इतिहासाचा आरंभ परकीयांच्या नव्हे, तर खुद्द इंग्रजांच्या चुकांपासून झाला आहे.

इ. स. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ या धर्मोपदेशकाने इंग्रजीचे एक छोटे व्याकरण लिहिले. नियम सांगताना त्याने तो नियम मोडणारी वाक्ये दिली, आणि ती शेक्सपिअर, मिल्टन, स्विफ्ट अशा थोरांच्या लेखनातून वेचली. पुढे लिंडले मरे याचे व्याकरण १७९५ मध्ये आणि त्याला जोडून अभ्यासाचे पुस्तक १७९७ मध्ये निघाले. त्यात दुरुस्त करण्यासाठी मुद्दाम सदोष वाक्ये दिलेली होती. चुकीतून नियम शिकविण्याची ही रीत शाळाशाळांतून रुजली.

मुंबई इलाख्यात तिला निराळेच वजन आले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे याच पहिल्या तुकडीतले. इंग्रजी आले तर कॉलेजचे आणि कचेरीचे दार उघडे, नाही तर बंद, अशी स्थिती झाली. इंग्लंडातल्या मुलाची व्याकरणातली चूक वहीत राहत असे. इथल्या मुलाची चूक त्याच्या आयुष्याची वाट बदलू शकत असे.

१९०७ मध्ये मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ यांनी 'इंडियन इंग्लिश' हे पुस्तक प्रसिद्ध केले. हिंदी लोकांच्या इंग्रजी लेखनातील वाक्प्रचारांच्या चुकांचे परीक्षण हाच त्याचा विषय. परंतु मराठी माणसाची चूक नेमकी कोठून येते, याचे उत्तर मराठीतच शोधावे लागते.

'ऑल्दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट' असे मराठी विद्यार्थी लिहितो. इंग्रजीला यातले 'बट' नको असते. पण मराठीत 'जरी' आला की 'तरी' येणारच. एकट्या 'जरी'वर वाक्य लंगडे पडते. 'तो म्हणाला, की मी येईन' हे उत्तम मराठी वाक्य शब्दशः इंग्रजीत नेले, की येणारा माणूस भलताच ठरतो. कारण तेथे पुरुष आणि काळ दोन्ही बदलावे लागतात. 'दहा वर्षांपासून' यातल्या 'पासून'चे 'फ्रॉम' होते आणि 'फॉर' हरवते. 'या विषयावर चर्चा केली' यातल्या 'वर'ची भरपाई म्हणून 'डिस्कस' या क्रियापदापुढे 'अबाउट' येऊन बसते. आणि 'ए', 'ॲन', 'द' ही उपपदे तर मराठीत नाहीतच. मग ती कोठे हवीत, हे कानाला कळावे कसे?

म्हणजे या चुका अज्ञानाच्या नव्हेत. एका भाषेचे नियम दुसरीत प्रामाणिकपणे पाळल्याच्या त्या खुणा आहेत. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या भाषांतर पाठमालेचे मर्म येथेच आहे. मराठीची इंग्रजी आणि इंग्रजीची मराठी अशी वाक्ये पालटून घेताना दोन्ही भाषांचा सांधा कोठे जुळत नाही, हे विद्यार्थ्याच्या हातालाच कळत असे. कित्येक पिढ्यांनी इंग्रजीचा पाया या पाठांवर घातला.

परीक्षेतल्या वाक्याचा दोष शोधताना नियम पाठ असणे उपयोगी खरेच. पण त्या वाक्याच्या तळाशी कोणते मराठी वाक्य बोलते आहे, हे ज्याला ऐकू येते, त्याला चूक सापडते आणि तिची लाजही वाटेनाशी होते.