शिडे उभारण्यापूर्वी

मराठी माणसाचे समुद्राशी असलेले नाते सांगताना आपण शिवछत्रपतींच्या आरमाराच्या लढाया आठवतो. परंतु तारू पाण्यात लोटण्यापूर्वी किनाऱ्यावर जे कष्ट होतात, त्यांकडे आपले लक्ष क्वचितच जाते. रामचंद्रपंत अमात्यांचे तसे नव्हते. त्यांच्या आज्ञापत्रातील आरमाराच्या प्रकरणात लाकूड कोणते तोडावे, रयतेच्या आंबा-फणसास हात का लावू नये, पावसाळ्यापूर्वी आरमाराची छावणी कशी करावी, याचाही विचार आहे.

हीच दृष्टी आमच्या हयातीत एका शिडाच्या नौकेच्या निमित्ताने पुन्हा दिसली. फलटणजवळील विंचुर्णीस स्थायिक झालेले निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी ध्यास घेतला होता की, एखाद्या भारतीयाने भारतातच बांधलेल्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. २००६ साली नौदलातील पाणबुडे अधिकारी कमांडर दिलीप दोंदे यांनी हे कार्य अंगावर घेतले. तेव्हा नौकादेखील अस्तित्वात नव्हती!

तयारी कशी करतात हे पाहण्यासाठी ते सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे गेले. १९६८-६९ मध्ये कोठेही न थांबता एकट्याने जगास वळसा घालणारे हे पहिले नाविक. त्यांची सागवानी 'सुहेली' मुंबईतच बांधलेली होती. अटलांटिकमध्ये तिच्या सांध्यांतून पाणी येऊ लागले, तेव्हा त्यांनी समुद्रात बुडी मारून ते सांधे कापसाने बुजविले व वरून तांब्याचा पत्रा ठोकला. एकट्याच्या सफरीत सुतारही आपणच आणि वैद्यही आपणच!

इकडे गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी नौका बांधावयास घेतली. अशी नौका त्यांनी पूर्वी कधी बांधली नव्हती. लांबी ५६ फूट. लाकडी पट्ट्यांचे अंग, त्यावर फायबरग्लासचे कवच. बांधणीच्या काळात दोंदे कारखान्यातच वावरत होते. कारण वादळी रात्री कोणती दोरी कोठून जाते, कोणता पंप कसा खोलावा, हे हातांनाच ठाऊक असावे लागते. फेब्रुवारी २००९ मध्ये नौका नौदलात दाखल झाली. मग मॉरिशसपर्यंत जाऊन परतीचा प्रवास त्यांनी एकट्याने केला व तिची परीक्षा घेतली. तिचे नाव 'म्हादेई'. ही नदी आपल्या कर्नाटकातच, खानापूर तालुक्यात उगम पावते, हे बेंगळुरूकरांनी अवश्य ध्यानी ठेवावे.

१९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनले व केपटाऊन या चार बंदरी थांबून मे २०१० मध्ये ते परतले. पुढे त्याच 'म्हादेई'तून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता प्रदक्षिणा पुरी केली. म्हणजे पहिल्या सफरीनंतरही कोणीतरी तिची निगा राखीत होते.

तयारीस तीन वर्षे लागली, प्रवासास नऊ महिने. सत्कार मात्र प्रवासाचे होतात. आमच्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकात अध्यक्षांची छायाचित्रे छापली जातील, ते योग्यच आहे. परंतु पन्नास वर्षे सतरंज्या झाडणाऱ्या, वर्गणीसाठी दारोदार फिरणाऱ्या व हिशेबाच्या वह्या जपणाऱ्या मंडळींची नावे आम्ही कोठे लिहून ठेवली आहेत काय? त्यांपैकी काही आज हयात आहेत. त्यांना विचारून ती यादी करण्याचे काम या वर्षीच व्हावे, एवढीच आमची विनंती.