कालप्रवासकथांतील प्रेमसंबंध

कालप्रवासकथांतील प्रेमसंबंध : दोन वेगळ्या काळांतील व्यक्तींचे, किंवा ज्यांच्या आयुष्यातील घटनांचा क्रम एकमेकांशी जुळत नाही अशा जोडप्याचे प्रेम हा ज्या कथांचा विषय असतो, तो विज्ञानकथा व अद्भुतकथेतील एक लोकप्रिय प्रकार. एरवी लग्नाच्या आड घराणे, पैसा किंवा जात येते. येथे काळ येतो.

विष्णुपुराणातील रेवतीची कथा याच जातकुळीची. तिचा पिता ककुद्मी वर विचारायला तिच्यासह ब्रह्मलोकी जातो. तेथले गायन संपेपर्यंत पृथ्वीवर युगे उलटतात, मनात योजलेले वर केव्हाच मरून जातात. रेवतीचा विवाह बलरामाशी होतो. ती फार उंच म्हणून तो तिला नांगराच्या टोकाने ठेंगणी करतो. रेवतीचे मत कोणी विचारत नाही.

एच. जी. वेल्सच्या ‘द टाइम मशीन’मध्ये (१८९५) नायकाला भविष्यकाळात भेटलेल्या वीनाविषयीचा त्याचा जिव्हाळा ओझरताच आहे. रिचर्ड मॅथेसनच्या कादंबरीवरील ‘समव्हेअर इन टाइम’ (१९८०) या चित्रपटात मात्र नायक केवळ एका अभिनेत्रीसाठी १९१२ सालात जातो आणि खिशात राहिलेले १९७९चे नाणे दिसताच वर्तमानात फेकला जातो. डायना गॅबल्डनच्या ‘आउटलँडर’मध्ये (१९९१) नायिकेला दोन शतकांत दोन नवरे आहेत.

या प्रकाराचे खरे बळ विरहापेक्षा विषम माहितीत आहे. ऑड्री निफेनेगरच्या ‘द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ’मध्ये (२००३) हेन्री जनुकीय व्याधीमुळे इच्छा नसताना काळात भरकटतो. त्याची भावी बायको क्लेअर त्याला प्रथम भेटते तेव्हा ती सहा वर्षांची, तो छत्तीसचा. त्याच्या लेखी पहिली भेट तो अठ्ठावीसचा असताना होते आणि तेव्हा वीस वर्षांची क्लेअर त्याला पुरती ओळखून असते. भावी नवऱ्याच्या सहवासातच मोठी झालेली मुलगी त्याला ‘निवडते’ असे म्हणावे का, हा आक्षेप रास्त आहे. ‘डॉक्टर हू’ मालिकेतील रिव्हर साँग प्रेक्षकांना प्रथम दिसते (२००८) ती तिच्या मृत्यूच्या कथेतच; ती मालिकेच्या नायकाला, डॉक्टरला, जिवलग मानते, त्याने तिला कधी पाहिलेलेही नसते.

‘अबाउट टाइम’मध्ये (२०१३) नायक बिघडलेला प्रसंग पुन्हा जगून सुधारतो आणि ही विद्या बायकोपासून लपवतो. चित्रपट याकडे गोड खोडी म्हणून पाहतो. बायकोच्या बाजूने पाहिल्यास ती फसवणूक ठरते.