एकजुटीचा जमाखर्च



व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘एकजूट’ हा विषय आम्हांला सुचविला, तेव्हा थोडा संकोच वाटला. या व्यासपीठावरून विद्वान मंडळी बोलतात. आमची शाळा लवकर सुटली; पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाशी आणि वाचनालयातील बाकावर झाले. परंतु ज्या शब्दाच्या घोषणा देण्यात आमची तीस वर्षे गेली, त्याचा अर्थ आपल्याला खरोखर कळला आहे काय, हे आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासाशी ताडून पाहावे असे वाटले, म्हणून उभे राहिलो.

ज्यांचे हित एक, ते आपोआप एकत्र येतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अनुभव तसा नाही. दुष्काळात चारा महागला म्हणजे साऱ्या गावाचे हित एकच असते. पण ज्याच्या दारी कडब्याची गंज आहे, तो आपले कुंपण आणखी उंच करतो. हित समान असणे ही परिस्थिती आहे; एकजूट ही कृती आहे. आणि कृती म्हटली की तिची किंमत कोणी तरी मोजावी लागते.

पहिले उदाहरण 1875 सालचे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस थांबला, दख्खनच्या कापसाला भाव आला आणि सावकारांनी शेतकऱ्यांना सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले. त्यातच 1867 पासून फेरआकारणीने सरकारी साऱ्याचे दर वाढू लागले. सावकारांनी हात आखडता घेतला आणि दिवाणी कोर्टाची वाट धरली. मुदतीच्या कायद्यामुळे रोख्याची मुदत तीन वर्षांची. म्हणून दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेण्याचा परिपाठ पडला. कुळाला वाचता येत नसे. हुकूमनामा निघाला म्हणजेच त्याला कर्जाचा आकडा कळे.

1874 च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे गावी लोकांनी सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांची जमीन कसायची नाही, त्यांच्या दुकानी जायचे नाही. न्हाव्याने हजामत करायची नाही, परटाने कपडे धुवायचे नाहीत. हे लोण गावोगाव पसरले. 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांकडील कागद काढून जाळले, आणि पुढे नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांत हाच प्रकार झाला. एकंदर 951 लोकांना अटक झाली. त्यांपैकी 501 जणांना शिक्षा झाल्या. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. जेथे कागद मुकाट्याने हवाली झाले, तेथे सहसा कोणाच्या अंगाला हात लागला नाही.

या हकिकतीत आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो तो गावचा न्हावी आणि परीट. सावकार म्हणजे त्यांचे रोख पैसे देणारे गिऱ्हाईक. ते गिऱ्हाईक तोडल्याने शेतकऱ्याचे कर्ज हलके झाले असते, त्यांचे घर चालले नसते. तरीही ते गावाबरोबर राहिले. सर्वच राजीखुशीने राहिले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. जो बहिष्कार मोडील त्याच्यावरही बहिष्कार, हा धाक होताच. त्या लढ्याचे फळ 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याच्या रूपाने मिळाले. रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टाला आला. कर्जापायी शेतकऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकणे बंद झाले. या जमाखर्चात किंमत साऱ्या गावाने मोजली. लाभ मात्र कायद्याने ज्याला ‘शेतकरी’ म्हटले त्याच्या खाती जमा झाला.

कागद जाळल्याने जुने कर्ज अडते, पण नवे बियाणे मिळत नाही. त्यासाठी संस्था लागते. दुसरे उदाहरण या गोष्टीचे आहे. 1926 साली भंडारदरा धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला. 1932 साली साखरधंद्याला संरक्षण मिळाले. पण कारखाने खासगी कंपन्यांचे, आणि गुळाचा भाव अडत्याच्या हाती. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावात सहकारी पतपेढी चालवून पाहिली होती. ते गावोगाव फिरून शेतकऱ्यांना साखर कारखान्याचे भाग घ्यायला सांगू लागले. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले. 1948 साली प्रवरा सहकारी साखर कारखान्याची नोंदणी झाली, 1950 च्या अखेरीस गाळप सुरू झाले आणि पहिली दहा वर्षे गाडगीळ अध्यक्ष होते.

येथे विशेष ध्यानात घ्यावयाचे ते सहकाराचे एक तत्त्व: भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. ज्याची चार एकर बागायत त्याचा हात आणि ज्याचा अर्धा एकर ऊस त्याचा हात सभेत सारख्याच उंचीचा. एकजूट भावनेवर न सोडता ती नियमात लिहून ठेवली, हे त्या पिढीचे मोठे काम होय. पुढे सत्तेचे राजकारण शिरून या नियमाचे काय झाले, ते श्रोत्यांना आम्ही सांगायला नको.

पण याही जमाखर्चाला दुसरी बाजू आहे. ऊस लावणारा सभासद झाला. ऊस तोडणारा झाला नाही. पाथर्डीकडचे आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातले हजारो लोक दरसाल मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यांवर येतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते आणि वाहते, पण हिशेबात ती अर्धा कोयता असते. ज्या सहकाराने सावकाराची उचल बंद केली, त्याच्याच फडात मुकादमाची उचल आजही चालू आहे.

तिसरे उदाहरण अधिक अवघड आहे. 1920 च्या सुमारास श्रीरामपूर आणि कोपरगाव भागात शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने साखर कंपन्यांकडे गेल्या. 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर त्या कंपन्यांकडून काढल्या गेल्या. परंतु मूळ मालकांना न मिळता 1963 साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे आल्या. खंडकऱ्यांनी कॉम्रेड माधवराव गायकवाडांच्या नेतृत्वाखाली दशकानुदशके लढा दिला, आणि 2012 पासून जमिनींचे वाटप सुरू झाले. आजोबांनी गमावलेली जमीन नातवाच्या नावावर चढली. न्याय झाला, यात शंका नाही. पण महामंडळाच्या मळ्यांवर पिढ्यान् पिढ्या राबलेले कामगार होते. जमीन परत गेली तसे त्यांचे काम गेले. थकलेली देणी आणि राहत्या घराखालची जागा यांसाठी त्यांना वेगळे झगडावे लागले. दोन्ही बाजू कष्टकऱ्यांच्या, दोन्ही मागण्या रास्त. आम्ही कामगारांच्या बाजूचे. तरीही खंडकऱ्याने जमीन मागू नये, असे म्हणण्यास आमची जीभ रेटली नाही. दोघांनी एका मेजाशी बसून एकच मागणीपत्र करावयास हवे होते, एवढेच म्हणतो.

आता स्वतःचा दोष सांगून संपवितो. एका कारखान्यात वेतनकराराची बोलणी चालली असताना कायम आणि हंगामी कामगारांची बाजू आम्ही नेटाने मांडली. ठेकेदाराकडची माणसे राहिली. ‘त्यांचे पुढच्या करारात पाहू’ असे आम्हीच म्हणालो. करार झाला, फाटकावर गुलाल उधळला. तेव्हा साखरेची पोती उचलणारा एक प्रौढ कामगार जवळ येऊन म्हणाला, “साहेब, घोषणा द्यायला आम्ही होतो. कागदावर कुठं आहोत?” उत्तर सुचले नाही. दोन वर्षांनी संपाची हाक दिली, तेव्हा हीच माणसे मान खाली घालून फाटकातून आत गेली आणि चौथ्या दिवशी संप मोडला. सभेत काही जण त्यांना फितूर म्हणाले. आम्ही म्हटले, त्यांना बाहेर आम्हीच ठेवले होते. ते बाहेरच राहिले, एवढेच.

तेव्हापासून आमच्या संघटनेत एक रिवाज पडला आहे. मागणीपत्र लिहिण्यापूर्वी वहीच्या पानावर दोन रकाने आखतो. एकात, या लढ्याची झळ कोणाकोणाला बसेल त्यांची नावे. दुसऱ्यात, लाभ कोणाला होईल त्यांची. पहिल्या रकान्यातले एखादे नाव दुसऱ्यात सापडले नाही, तर मागणीपत्र पुन्हा लिहावयास बसतो. वेळ लागतो, कायम कामगार कुरकुरतात, कधी पगारवाढीची रक्कम थोडी कमी पदरात पडते.

कर्ड्याच्या परटाचे नाव इतिहासात कोठे नोंदलेले नाही. आपण जेव्हा जेव्हा ‘आम्ही सारे एक’ म्हणतो, तेव्हा तो आपल्या कोणत्या रकान्यात आहे, एवढे पाहून मग घोषणा द्यावी, इतकीच आमची विनंती आहे.